बूट काढ, दादा

९ एप्रिल

वहिनी,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं असतं तर तू ते न फोडताच परत पाठवलं असतंस. म्हणून पत्ता आमच्या मिस्त्रींकडून लिहून घेतला. बाहेरचं अक्षर त्यांचं, आत मी आहे. आता फोडलंच आहेस तर वाचून टाक.

माझा नंबर तू बंद करून ठेवलास त्याला सहा महिने झाले. तक्रार नाही. तुझ्या जागी असतो तर मीही केला असता, वर दोन शिव्या हासडल्या असत्या. तू दवाखान्याच्या जिन्यात एवढंच म्हणालीस, "यापुढे आमच्या घरी येऊ नका." शिवी दिली असतीस तर परवडलं असतं. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी बारा वर्षांचा. माझ्या डोक्यातल्या उवा तू काढल्यास, प्रगतिपुस्तकावर आईची खोटी सही तू केलीस. मला आयुष्यात कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. पहिल्यांदा केलंस ते तू, आणि तेही हाकलताना.

दादाने तुला जे सांगितलं ते तसंच झालं. बर्फावर चालायला बुटाखाली लोखंडी काटे बांधतात. त्याचे काटे मी बांधले. डाव्या पायाचे सुटले, तो घसरला, बूट बर्फाने भरला, आणि त्याला खाली आणेपर्यंत सहा तास गेले. दोन बोटं गेली. एक्स-रे तूच काढलास, तुला मी काय नवीन सांगू.

मी अजून रोपवेवरच आहे. मोजून चौदा खांब. एकेका खांबावर चढायचं, चाकांना ग्रीस द्यायचं, बोल्ट बघायचे, उतरायचं, पुढचा खांब. वारा सुटला की डबे बंद ठेवतात. मग सगळे पत्ते खेळतात आणि मी वरच्या स्टेशनच्या ओट्यावर येरझाऱ्या घालतो. मिस्त्री म्हणतात, "अरे, तुझ्या पायांनी फरशी झिजेल." मला बसवत नाही त्याला मी काय करू? पण एक सांगतो, इथे चौदा महिने झाले. टाइल्सच्या कारखान्यात चार टिकलो, जहाजं रंगवायला गेलो तिथे सहा, पावाच्या गाडीवर तर तीन आठवडे. सलग चौदा महिने मी शाळेतही बसलो नव्हतो. तू म्हणायचीस माझ्या पायाला भिंगरी आहे. तिला इथे थोडं ग्रीस लागलंय.

खोली बरी आहे. दोन खाटा, एक खिडकी, खिडकीतून पाच नंबरचा खांब. दुसरी खाट रिकामी असते. म्हणजे बहुतेक वेळा असते.

छोटीचे पुढचे दात आले का? मी तिला दात पडल्यावर बघितलं ते शेवटचं.

थांबतो. चहा उतू जातोय. दोन कप ठेवलाय, गार होईल.

तुझा दीर


२२ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र आलं. पोस्टमन वर येत नाही, खालच्या स्टेशनवर ठेवून जातो. मिस्त्रींनी ते डब्यात बसवून एकट्यालाच वर पाठवलं. सहा जणांच्या डब्यात एक पाकीट. अकरा मिनिटं मी त्या डब्याकडे बघत उभा.

आणि आत एकच ओळ. "भाऊजी, दुसरा कप कोणाचा आहे ते सांगा."

तुझ्यापुढे माझं काही चालत नाही. उवा काढायचीस तेव्हाही असंच, मी म्हणायचो एकच आहे आणि तू सात काढायचीस.

कप मिस्त्रींचा. ते सकाळी चहाला येतात माझ्याकडे. झालं समाधान?

दादा इथे कशाला येईल. त्याला तुम्ही घरात बसवलंय, वर्षभर धावायचं नाही, चढायचं नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलंय, हे मला ठाऊक आहे. कापलेल्या जागेवरची कातडी कागदासारखी पातळ आहे. ती फाटली आणि आत सडलं तर पाऊल जाईल, हेही ठाऊक आहे. तू त्याला एकट्याला कुठे पाठवू नकोस. कारखान्याच्या दौऱ्यावरसुद्धा नको. म्हणजे मी आपलं असंच म्हणतो.

मला हल्ली त्याची सुरुवात आठवते. कारखान्याची लिफ्ट बंद पडली आणि नऊ मजले चढून त्याला घेरी आली. पस्तिशीतला माणूस, पंपांचा इंजिनीअर, दिवसभर दुसऱ्यांचे पंप तपासणार आणि स्वतःचा असा धापा टाकतोय. त्याची नामुष्की वाटली त्याला. दुसऱ्या दिवसापासून जिन्याचा तक्ता. किती पायऱ्या, किती ठोके, किती घोट पाणी. तू म्हणाली होतीस, चार दिवसांचं खूळ आहे. मग एकवीस किलोमीटर धावला आणि शेवटच्या रेषेवर आयोजकाच्या बुटांवर ओकला. मग पन्नास. त्यात वाट चुकला, कारण रस्त्यावरचे बाण चुकीचे आहेत आणि आपलं गणित बरोबर आहे असं त्याचं म्हणणं. तू आणि मी त्याला शोधायला स्कूटरवरून गेलो होतो, आठवतं? गुरांच्या गोठ्याशेजारी दगडावर बसून तक्ता दुरुस्त करत होता. तुला बघून म्हणाला, "मी वेळेत आहे." तू म्हणालीस, "लग्नात नव्हतास एवढा वेळेत."

पण त्या दिवशी त्याचा चेहरा बघितलास ना तू? धूळ, मीठ, आणि मधे ते दात. मी त्याला तसं हसताना आधी कधी बघितलं नव्हतं. घरात तो कायम बरोबर असायचा. बरोबर असणारा माणूस हसत नाही फारसा.

नंतर ते वजनाचं सुरू झालं. स्वयंपाकघरातला काटा घेऊन बसायचा. मोजे तोलायचा. शर्टाच्या आतली कापडी चिठ्ठी कातरून टाकायची, दात घासायच्या ब्रशचा दांडा करवतीने अर्धा. तू ओरडायचीस, माझ्या पिठाच्या काट्यावर तुझे मोजे नकोत. मी हसून लोळायचो. आता त्याचं हसू येत नाही. त्याचं कारण आहे, पण ते राहू दे.

मिस्त्री हाक मारतायत. जातो. कप त्यांचाच आहे.

दीर


४ मे

वहिनी,

कप दादाचा आहे.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तो माझ्या दुसऱ्या खाटेवर पाय वर करून पडला होता. दुसरं लिहिलं तेव्हा नव्हता, पण आदल्या आठवड्यात येऊन गेला होता. 'पंप बसवायला जातोय' असं तुला सांगून तो तीनदा इथे आला. पंप कुठले. इथे एक विहीर आहे, तिला दोर-बादली आहे.

सतरा मेला इथे स्पर्धा आहे. ऐंशी किलोमीटर, डोंगरातून, पहाटे निघायचं आणि अंधार पडायच्या आत पोचायचं. दादाने नाव दिलंय. अपघाताच्या आधीच दिलं होतं आणि नंतर काढलं नाही. डब्यांच्या खालून जी पायवाट जाते तिच्यावर तो आला की रोज दोनदा वर-खाली करतो. लंगडत नाही. का लंगडत नाही ते ऐक. त्याने पंपाच्या गॅस्केटचं रबर आणलं आणि त्याची दोन बोटं कापली. गेलेल्या बोटांच्या मापाची, अगदी नखाच्या बाजूचा उतारसुद्धा. ती मोज्यात घालतो. बूट भरलेला राहतो, पाऊल हलत नाही. मला दाखवत होता, छोटीला खेळणं आणल्यासारखा. "बघ, मूळ बोटांपेक्षा चार ग्रॅम हलकी." मी म्हटलं, "दादा, रबर घासेल." तर म्हणाला, "घासलं तर कळेल मला." मी म्हटलं, "तिथली कातडी बधिर आहे, तिथे तुला काही कळतं का?" तो म्हणाला, "मला सगळं कळतं. तू चहा टाक."

मी टाकला.

आता खरी गोम ऐक. या स्पर्धेत वाटेवर सहा ठिकाणी माणसं बसतात, धावणाऱ्यांचे नंबर टिपतात. त्यात तीन नंबरची जागा म्हणजे आमचं वरचं स्टेशन. तिथून पुढे पंधरा किलोमीटर ना रस्ता ना वस्ती, कुणी पडला तर खांद्यावरून आणायचा. म्हणून इथली जुनी पद्धत आहे, तीन नंबरवर बसलेला माणूस कुणालाही थांबवू शकतो. बस म्हटलं की बसायचं, बूट काढ म्हटलं की काढायचे. त्याला पटलं नाही तर तो मनगटावरची पट्टी कापतो आणि डब्यात घालून खाली पाठवतो. त्यावर कुणाकडे दाद नाही. मोठ्या वकिलाला एकदा परत पाठवलं होतं म्हणतात, तो अजून पत्रं लिहितोय.

तीन नंबरवर दरवर्षी रोपवेचा माणूस असतो. मिस्त्रींना गुडघ्याचा त्रास. यंदा त्यांनी माझं नाव दिलं.

मी दादाला सांगितलं तर त्याने टाळीच दिली. "झकास! आपलाच माणूस." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू फक्त टिक करायची हं. बाकी काही करायचं नाही." मी मान हलवली. त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. वहिनी, बोटं गेल्यापासून पहिल्यांदा ठेवला. तुला हे मूर्खपणाचं वाटेल. मला त्या हातासाठी आणखी चार वेळा मान हलवाविशी वाटली.

म्हणून तुला लिहितो. तू ये, किंवा फोन कर त्याला, किंवा त्याचे बूट विहिरीत टाक. मला जमणार नाही. त्याच्यासमोर माझ्या तोंडातून शब्द निघत नाही. तुला माहीत आहे.

दीर


१६ मे

वहिनी,

मागचं पत्र मी टाकलंच नाही. तुला ते आणि हे एकत्र मिळेल. बारा दिवस ते गादीखाली होतं आणि परवापासून त्या गादीवर दादा झोपतोय, कारण माझी गादी जाड आहे म्हणून त्याने बदलून घेतली. मिस्त्रींच्या फोनवरूनही तुला लावता आला असता. दोनदा आकडे दाबले. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "फोन आहे तो, हार्मोनियम नाही."

आज पाठवतोय. पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल. म्हणजे तू अडवावंस म्हणून हे पत्र नाही. मग कशाला लिहितोय? उद्या मी त्या खुर्चीत बसायच्या आधी निदान एका माणसाला खरं माहीत असावं म्हणून.

काट्यांचं सांगतो.

बांधले मीच. त्याची बोटं गारठली होती, त्याने पाय पुढे केला आणि म्हणाला, "ओढ." मी ओढले. तुला त्याने एवढंच सांगितलं आणि ते खोटं नाही.

पण ते काटे बांधायचे पट्टे त्याने घरी कापले होते. जेवणाच्या टेबलावर, तुझ्या कात्रीने. बुटाला लागतात तेवढेच ठेवायचे, वरचं शेपूट कशाला वागवायचं? दोन्ही पायांचे मिळून अकरा ग्रॅम वाचले, तक्त्यात लिहिलंय. पण टेबलावर बूट नुसता होता. त्या पहाटे वर इतकी थंडी की त्याने बुटांवरून जाड कापडी खोळी चढवल्या. बूट फुगला आणि पट्टा पुरेना. बकलातून टोक जेमतेम बोटभर बाहेर आलं.

आता मला सांग, मी काय काम करतो? खांबावर चढताना कमरेचा पट्टा बांधतो. मिस्त्रींचा पहिल्या दिवसापासून एकच नियम, बकलाच्या बाहेर चार बोटं पट्टा लोंबला पाहिजे. नसेल तर चढायचं नाही, मग तू राजाचा जावई असलास तरी. पंधरा महिने रोज सकाळी मी चार बोटं मोजतो. त्या पहाटे मला एक दिसलं. बॅटरीच्या उजेडात, स्वच्छ.

मी बोललो नाही.

आदल्या संध्याकाळी मी एक दोर कसा बांधावा ते सांगायला गेलो होतो. आम्हाला बर्फावर नेणारा वाटाड्या समोर बसला होता. दादा हसून त्याला म्हणाला, "आमचे धाकटे बंधू. सातवी नापास. मला भार शिकवतायत." वाटाड्याही हसला, बिचारा गिऱ्हाइकासाठी हसला असेल. मी सूप पीत बसलो. मग सकाळी ते बोटभर टोक बघितलं आणि मनात म्हटलं, हा शिकलेला, ह्याला कळत असेल. नाही, हेही खरं नाही. मनात म्हटलं, बघू दे आता ह्याला.

हे लिहायला मला सात महिने लागले.

तो मरावा असं वाटलं नव्हतं गं. थोडा घसरावा, ढुंगणावर आपटावा, वाटाड्याने बघावं, एवढंच. बर्फ एवढ्यावर थांबला नाही.

म्हणून दवाखान्यात त्याने माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा मी गप्प राहिलो. तुला वाटलं मी गुन्हा कबूल केला. केलाच होता, पण दुसराच.

उद्या तो साडेबाराच्या सुमाराला वर येईल. त्याचा तक्ता तसं सांगतो. आत्ता तो खाटेवर बसून मोज्यांत पावडर घालतोय आणि शीळ वाजवतोय. खूश आहे. मला म्हणाला, "उद्या संध्याकाळी आपण दोघं फोटो काढू, वहिनीला पाठवू, तिचा राग जाईल." त्याला खरंच तसं वाटतं.

मला दरवाजा उघडून पळत सुटावंसं वाटतंय. सामान काय, एक पिशवी आहे. आजवर असंच तर केलं प्रत्येक ठिकाणी.

दीर


१८ मे

वहिनी,

दादा आज सकाळच्या बसने निघाला. हे पत्र त्याच्या मागून येईल, तोवर तो तुला काहीतरी सांगेल. पायावर पंपाचं झाकण पडलं म्हणेल. तू माझं ऐक.

काल सकाळी मी खुर्ची, टेबल, वही, पाण्याची टाकी आणि पट्टी कापायची कातर घेऊन नऊ वाजता बसलो. बसलो म्हणजे उभा होतो. पहिला धावणारा दहाला आला, हरणासारखा, पाणीसुद्धा उभ्यानेच प्यायला. मग एकेक. वाटेत तीन ओढे होते, बर्फ वितळून फुगलेले, त्यामुळे सगळ्यांचे पाय ओले. मी सगळ्यांना बूट काढायला लावले. सगळ्यांना. म्हटलं, ह्यालाच एकट्याला सांगितलं तर माझी जीभ अडकेल. सवय करून घेतो.

दादा बारा पस्तीसला आला. तक्त्यापेक्षा पाच मिनिटं उशिरा. आधी हसू आलं वळणावरून, मग तो. तसाच, धूळ, मीठ, दात. हात पुढे करून म्हणाला, "टिक कर, राजा. पाच मिनिटं भरून काढायचीत."

मी म्हटलं, "बस. बूट काढ, दादा."

"काय?"

"सगळे काढतायत."

बाकावर एक बेकरीवाली बाई बसली होती, पन्नाशीची, तिसऱ्यांदा धावत होती. ती म्हणाली, "काढा हो साहेब. लाजू नका, इथे वास सगळ्यांचा एकच आहे." दोघं-तिघं हसले. दादा हसला नाही. माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "काय ठरलं होतं आपलं?"

"ठरलं होतं. बूट काढ."

"अरे, मला बरं वाटतंय. ठणठणीत आहे मी."

"मग एका मिनिटाचं काम आहे."

त्याने उजवा काढला. मी म्हटलं, डावा. नाडी सोडायला त्याने एवढा वेळ लावला की मीच खाली बसलो आणि सोडली. मोजा वरून नुसता ओला दिसत होता. पिळला तर पाणी लाल. रबराची बोटं आत फिरून आडवी झाली होती आणि त्यांच्या कडेने, जिथे टाक्यांची शिवण होती ना, तिथली कातडी सोलून गेली होती. रुपयाएवढी जखम. तिच्या कडेला करडा रंग. वहिनी, तो पाय घेऊन तो एक्केचाळीस किलोमीटर आला होता आणि हसत आला होता.

बेकरीवाली बाई उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. चांगली बाई.

"एवढंसं खरचटलंय," दादा म्हणाला. "पट्टी मार, जातो."

मी खिशातला पेन काढला. म्हटलं, "तिकडे खांबाकडे बघ. मी पेनाने टोचतो. कळलं की सांग." त्याने मान वळवली. मी पेन जखमेच्या बाजूला नेला, वीतभर अंतरावर धरला. लावला नाही, नुसता धरला.

तो म्हणाला, "हां. कळलं."

मग पेन टेकवला. दाबला. टोक रुतलेलं मला दिसत होतं.

"आता?" मी विचारलं.

"आता काय? सांगितलं ना एकदा, कळलं म्हणून."

त्याने वळून बघितलं. पेन तिथेच होता, रुतलेला. त्याने पेनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावरून सगळी धूळ कुणी पुसल्यासारखा तो पांढरा झाला. हुशार माणूस आहे, वहिनी. कळायला त्याला एक क्षण पुरतो, कबूल करायला पुरत नाही.

"हात पुढे कर," मी म्हटलं.

"तुला काय कळतं यातलं?"

आयुष्यभर हे वाक्य आलं की मी खाली बघतो. काल खाली बघितलं तर तिथे त्याचा पाय होता.

म्हटलं, "पट्टा आखूड होता तेही मला कळलं होतं, दादा. त्या पहाटे. बोटभर टोक होतं. मी बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. तू मला वाटाड्यासमोर हसलास म्हणून. तुझ्या दोन बोटांना मी तेवढाच कारण आहे जेवढा तू. आता पाऊल माझ्या नावावर नको."

वाऱ्याने वहीची पानं उलटत होती. मग म्हणाला, अगदी सावकाश, कारखान्यात कुणाला कामावरून काढताना बोलत असेल तसा, "पट्टी कापलीस तर मला भाऊ नाही."

मी त्याचा हात धरला. त्याने ओढला नाही, दिलाही नाही. ते प्लास्टिक चिवट असतं. पहिल्या दाबात कातर नुसती घसरली. दुसऱ्यांदा दाबायला लागली. ती दुसरी वेळ मला जन्मभर पुरेल.

मग मी त्याचा पाय धुतला, कोरड्या फडक्यात बांधला, डब्यात बसवला. त्याने टेकायला माझा खांदा घेतला. अकरा मिनिटं डबा खाली जाताना मला दिसत होता. तो माझ्याकडे पाठ करून बसला होता. मी ओट्यावर उभा होतो. येरझाऱ्या घातल्या नाहीत. पुढचे लोक येत होते, त्यांचे बूट बघत होतो. बेकरीवाली बाई जाताना म्हणाली, "मोठे भाऊ का?" मी हो म्हटलं. "दिसतं तोंडावरून," म्हणाली आणि गेली. ती संध्याकाळी पोचली, शेवटून दुसरी.

खाली डॉक्टरीणबाईंनी त्याचा पाय साफ केला. त्यांचं म्हणणं, कड अजून जिवंत आहे, रक्त येतंय, म्हणजे वाचायची आशा आहे. पण अजून एक ओढा ओलांडला असता तर त्या बोलल्याच नसत्या, सरळ दवाखान्याच्या गाडीत घातला असता. औषधाची चिठ्ठी त्याच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात आहे. तो देणार नाही, तू काढून घे. तीन दिवसांत जखम पुन्हा दाखवायची. पाय खाली सोडून बसू देऊ नकोस. आणि ती रबराची बोटं मी ठेवून घेतलीत, विचारलं तर माहीत नाही म्हण.

खोलीवर तो आला नाही. खालच्या स्टेशनच्या बाकावर झोपला. सकाळी मी बसपाशी चहा घेऊन गेलो, तर खिडकी लावून घेतली. मिस्त्री म्हणाले, "चल, तीन नंबरच्या खांबाची चाकं कुरकुरतायत." मी चहा त्यांना दिला आणि खांबावर चढलो. वरून बस वळणावळणाने जाताना पूर्ण दिसते. पार शेवटपर्यंत बघितली.

तू आता काय करशील ते मला माहीत नाही. त्या पहाटेचं वाचून तू मला पुन्हा जिन्यात उभं करशील, आणि ते बरोबर असेल. तेव्हा तू खोट्या गोष्टीसाठी हाकललंस, आता खऱ्यासाठी हाकल. मी इथेच आहे. पिशवी भरली नाही.

तो मला भाऊ नाही म्हणाला. म्हणू दे. पण त्याच्या पायाची पट्टी तू सोडशील तेव्हा बोटं नीट बघ, दोन्ही पायांची, एकेक. आठ असली तर फक्त आकडा लिहून पाठव. मायना नको, सही नको.

दीर